सध्या काय वाचताय? अर्ध्यावर आलेल्या कादंबरीवर बोलण्याची बैठक घरी कशी भरवावी

पुण्यात पुस्तकांवर बोलणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. प्रकाशनं होतात, परिसंवाद होतात, वसंत व्याख्यानमाला तर 1875 पासूनची. पण या सगळ्या ठिकाणी बोलणाऱ्याचं पुस्तक वाचून झालेलं असतं आणि मतही पक्कं झालेलं असतं. एखादी जुनी कादंबरी हातात आहे, तिच्या एकशे चाळिसाव्या पानावर आपण थबकलोय, आणि आत्ता कुणाला तरी काही सांगावंसं वाटतंय, त्याला मात्र कुठे जागा नसते. घरातली माणसं प्रेमाने विचारतात, "मग पुढे काय झालं?" पुढचं आपल्यालाही ठाऊक नसतं. सांगायचं असतं ते वेगळंच.

त्यासाठी आम्ही काही जण गेली सहा वर्षं एरंडवण्यात एका घरी महिन्यातून एकदा जमतो. अट एकच: सध्या जे वाचत असाल तेच पुस्तक आणायचं, आणि ते संपलेलं नसावं. संपलेल्या पुस्तकाबद्दल माणूस निकाल देतो. चालू पुस्तकाबद्दल बोलताना तो अजून त्या घरात राहत असतो, आणि ऐकणाऱ्यालाही आत बोलावतो. हा फरक कळायला आम्हाला वर्षभर लागलं. तुम्हाला तेवढं लागू नये, म्हणून आम्ही काय करतो ते इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी पुस्तक धरा

बैठकीची तारीख ठरवण्याआधी स्वतःच्या हातात एक पुस्तक असू द्या. "चालू करू, मग वाचू" असं म्हणून सुरू झालेले दोन गट माझ्या डोळ्यांदेखत विरले.

अभिजात कशाला म्हणायचं यावर पहिल्याच दिवशी वाद घालू नका. आम्ही एक कामचलाऊ नियम केला आहे: पहिली आवृत्ती निघून निदान पन्नास वर्षं झालेली, आणि अजूनही लोक शोधून वाचतात अशी कादंबरी. या हिशेबात 1963 ची 'कोसला' बसते, 1988 ची 'पानिपत' अजून बसत नाही. पण कुणी 'पानिपत' घेऊन आलं तर त्याला दारातून परत पाठवायचं नसतं. नियम पुस्तक निवडायला मदत व्हावी एवढ्यापुरता.

बरीच वर्षं काही वाचलेलं नसेल तर लहान कादंबरीने सुरुवात करा. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (1955) चार-पाच वेळा निवांत बसलं की वाचून होते आणि तिच्या एकेका पानावर तासभर बोलता येतं. पुण्यात राहून पुण्याचंच काही वाचायचं असेल तर 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून इथेच शिकायला येतो. रणजित देसाईंच्या 'स्वामी'मधले (1962) माधवराव पेशवे तर या शहराचेच. ती वाचत असलेल्या एकाने आम्हा सगळ्यांना एका रविवारी थेऊरला नेलं होतं. माधवरावांचा शेवट 1772 मध्ये तिथे झाला. चिंतामणीच्या देवळाच्या ओवरीत बसून त्याने तीन पानं वाचली. ती बैठक कुणीच विसरलेलं नाही.

अनुवाद वाचायला संकोच करू नका. शांता शेळके यांची 'चौघीजणी' आणि राम पटवर्धन यांचं 'पाडस' ही मराठीत पुन्हा जन्मलेली पुस्तकं आहेत. एकच कादंबरी एकाकडे इंग्रजीत आणि दुसऱ्याकडे मराठीत असेल तर दोघांना शेजारी बसवा आणि एकच परिच्छेद दोन्ही भाषांत वाचायला सांगा.

पुस्तक मिळवायचं कुठून, हा प्रश्न पुण्यात फार छळत नाही. अप्पा बळवंत चौकात क्रमिक पुस्तकांच्या ढिगाऱ्यामागे साहित्याची दुकानं आहेत. पण मी आधी ग्रंथालयात जायला सांगेन. नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय 1911 पासूनचं, पुणे नगर वाचन मंदिर तर 1848 पासूनचं. बाजारात न मिळणाऱ्या जुन्या कादंबऱ्या तिथे मिळण्याची शक्यता जास्त. शिवाय परत करायची तारीख डोक्यावर असली की वाचन पुढे सरकतं. हरिभाऊ आपटे, वामन मल्हार जोशी, श्री. व्यं. केतकर यांच्यासारख्या लेखकांचे हक्क आता खुले झाले आहेत, कारण आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं संपली की पुस्तक सर्वांचं होतं. विकिस्रोतासारख्या संकेतस्थळांवर असं जुनं साहित्य फुकट वाचता येतं. हक्क शिल्लक असलेल्या पुस्तकाची मात्र गटासाठी झेरॉक्स काढू नका. एक प्रत आळीपाळीने वाचा.

पुस्तक हातात आलं की दोन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, प्रस्तावना शेवटी वाचा. अभिजात कादंबरीच्या नव्या आवृत्तीला अभ्यासकाची मोठी प्रस्तावना असते आणि त्या अभ्यासकाने आपण गोष्ट आधीच वाचलेली आहे असं धरलेलं असतं. पहिल्या पाच पानांत नायिकेचं काय होतं ते कळलं तर पुढची चारशे पानं कशासाठी वाचायची? प्रस्तावनेच्या पानांना रबरबँड लावून ठेवा. पुस्तक संपल्यावर तीच प्रस्तावना दुप्पट गोड लागते.

दुसरी, जुन्या छपाईला घाबरू नका. शुद्धलेखनाचे नवे नियम 1962 मध्ये आले, त्याआधीच्या पुस्तकांत 'तें', 'कांही', 'नांव' असे अनुस्वार सगळीकडे दिसतात आणि वाक्यंही लांब असतात. डोळा अडखळतो. अशा वेळी पहिली वीस पानं मोठ्याने वाचा. डोळ्याला परकी वाटणारी ती भाषा कानाला लगेच ओळखीची वाटते, कारण आपल्या आजीचं बोलणं तिथून फार लांब नसतं.

माणसं, जागा, वेळ

सहा ते नऊ जण. पाचापेक्षा कमी झाले तर एखाद्याच्या गैरहजेरीने बैठक ढासळते, दहाच्या वर गेले की कुणाला तरी बोलायला मिळत नाही. वयं मिसळलेली हवीत. आमच्याकडे अकरावीतली मुलगी आहे आणि निवृत्त काकाही आहेत, आणि दोघं एकमेकांना पुस्तकं देतात.

घर उत्तम. सोसायटीचा हॉल चालेल. हॉटेलात नको, कारण तिथे कुणी मोठ्याने वाचू शकत नाही, आणि मोठ्याने वाचणं हाच तर या बैठकीचा गाभा. रविवारी सकाळी नऊ ते अकरा ही वेळ आम्हाला मानवली. चहा आणि एकच खाण्याचा पदार्थ, तोही आळीपाळीने. पोह्यांपासून सुरू होऊन साग्रसंगीत जेवणापर्यंत गेलेल्या बैठकीत पुस्तक मागे पडतं, आणि ज्या घरी बैठक असते तिथली बाई स्वयंपाकघरातच अडकते. हे मी फार गांभीर्याने सांगते आहे.

गणपतीच्या दहा दिवसांत पेठांमध्ये बैठक ठेवू नका. दिवाळीनंतरची बैठक दिवाळी अंकांना द्या. त्या महिन्यात कुणीच कादंबरी पुढे नेत नाही, आणि त्यात काही वाईट नाही.

वाचताना करायच्या खुणा

चांगलं सांगता येण्याची तयारी वाचतानाच होते. त्यासाठी फार काही लागत नाही. पुस्तक स्वतःचं असेल तर समासात बारीक पेन्सिलीने उभी रेघ. ग्रंथालयाचं असेल तर कागदाच्या चिठ्ठ्या, आणि चिठ्ठीवर दोन शब्द: 'विहिरीजवळचं बोलणं', 'इथे हसले', 'हे पटलं नाही'. पानाचा कोपरा दुमडू नका. जुना कागद दुमडला की तुटतो.

मोठ्या कादंबरीसाठी पुठ्ठ्याची एक खूणपट्टी करा आणि तिच्यावर पात्रांची नावं लिहीत जा. रशियन कादंबऱ्यांत तर ही हवीच. दस्तयेवस्कीच्या 'क्राइम अँड पनिशमेंट'मधला (1866) रास्कोल्निकोव्ह म्हणजेच रोदिऑन रोमानोविच, आणि आईच्या तोंडी तोच रोद्या. पहिल्यांदा वाचणारा ही तीन माणसं समजतो. खरं तर मराठी माणसाला हे अवघड जाऊ नये. आपल्याकडेही एकच बाई माहेरी एका नावाची, सासरी दुसऱ्या, आणि धाकट्या दिरांची नुसतीच वहिनी. हे एकदा कुणी तरी सांगितलं आणि आमच्या गटातल्या तिघांची रशियन कादंबऱ्यांची भीती गेली.

आणि प्रत्येक वेळी पुस्तक मिटताना एक ओळ लिहा. सारांश लिहू नका, मनात आत्ता काय चाललंय ते लिहा. "मास्तरचा राग येतोय पण त्याच्या जागी मी काय केलं असतं?" बैठकीच्या आदल्या रात्री या पाच-सहा ओळी वाचल्या की बोलायचं काय ते समोर उभं राहतं.

चार मिनिटं

आमची पहिली बैठक वाईट झाली. एका अभ्यासू गृहस्थांनी त्यांच्या आवडत्या कादंबरीवर चाळीस मिनिटं बोलून दाखवलं. बोलणं विद्वत्तेचं होतं, खोटं त्यात काही नव्हतं, पण पुढच्या महिन्यात तिघं आलेच नाहीत. त्यानंतर आम्ही चार मिनिटांची शिस्त लावली. प्रत्येकाने चार मिनिटं बोलायचं आणि मग सहा-सात मिनिटं इतरांनी विचारायचं. आठ जणांचे साधारण दीड तास होतात, उरलेला अर्धा तास मोकळा.

चार मिनिटांत हे सांगायचं.

सुरुवात आपण कुठे आहोत तिथून. "तीनशे वीस पानांपैकी एकशे दहावर आहे." आवृत्त्या वेगळ्या असतील तर पानाऐवजी प्रकरणाचा आकडा. साधी गोष्ट आहे, पण हे वाक्य बोलल्यावर बोलणाऱ्याचा सूरच बदलतो. आपल्याला अजून सगळं ठाऊक नाही हे त्याने कबूल केलेलं असतं.

मग हे पुस्तक हातात कसं आलं. वडिलांच्या कपाटातून, रद्दीतून, मैत्रिणीने जबरदस्तीने दिलं म्हणून. एक-दोन वाक्यं पुरेत. तरी ती वगळू नका, कारण ऐकणाऱ्याला पुस्तकाकडे जायचा रस्ता इथूनच दिसतो.

त्यानंतर एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा. बैठकीचं काळीज हे. दहा-बारा ओळी, घरी दोनदा वाचून पाहिलेल्या. सगळ्यात 'महत्त्वाचा' परिच्छेद शोधत बसू नका, जिथे तुम्ही थांबलात तोच घ्या. आमच्याकडे एक ताई अमरावतीकडच्या आहेत, नोकरीमुळे वीस वर्षं हडपसरला. त्या उद्धव शेळक्यांची 'धग' (1960) वाचत होत्या. वऱ्हाडी बोलीतली कौतिकची वाक्यं त्यांनी वाचली तेव्हा खोली चिडीचूप झाली. ती पानं मीही वाचली होती, पण माझ्या पुणेरी कानाने. त्यातला ठेका मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला. पुण्यात महाराष्ट्राच्या प्रत्येक जिल्ह्याचं माणूस राहतं. कोकणातलं पुस्तक कोकणातल्याकडून आणि माणदेशातलं माणदेशातल्याकडून वाचून घ्या. एवढी श्रीमंती दुसरीकडे सहज मिळत नाही.

शेवटी एक खरा प्रश्न, ज्याचं उत्तर बोलणाऱ्याकडेही नाही.

हरिभाऊंच्या 'पण लक्षात कोण घेतो?'वर आमच्यातल्या अकरावीच्या मुलीने जे सांगितलं ते माझ्या वहीत जवळजवळ शब्दशः आहे, तेच नमुना म्हणून देते:

"मी साधारण एक तृतीयांश वाचलंय. आजीने सांगितलं, तू पुण्यातली मुलगी आहेस, यमूला भेट. यमू स्वतःची गोष्ट स्वतःच सांगते. लहान असतानाचं सांगताना ती लहानच होऊन बोलते, मोठी होऊन समजावत नाही. मी हे पान वाचते. (वाचलं.) मला एक कळत नाही. हे लिहिणारा पुरुष होता, एकोणिसाव्या शतकातला. घरातल्या बायका एकट्या असताना कशा बोलतात हे त्याला कुठून कळलं? त्याने कुणाला विचारलं असेल?"

यात गोष्टीचा सारांश नाही, 'समाजप्रबोधन' हा शब्द नाही, आणि तरी त्या दिवशी दोघांनी ते पुस्तक मागून घेतलं.

शेवट कुणी सांगायचा नाही

जुन्या कादंबऱ्यांबाबत लोक म्हणतात, शंभर वर्षं झाली, आता काय लपवायचं? हे मला मुळीच पटत नाही. जी ती पहिल्यांदा वाचतेय तिच्यासाठी ती आजच लिहिलेली आहे. मी स्वतः एकदा बोलण्याच्या भरात एका कादंबरीतला मृत्यू सांगून टाकला. समोरच्या मुलीचा चेहरा उतरला आणि ते पुस्तक तिने पुढे वाचलंच नाही. ते मला अजून बोचतं.

म्हणून नियम असा: बोलणारा ज्या पानावर आहे त्याच्या पुढचं कुणीही सूचित करायचं नाही. "थांब, पुढे बघ काय होतं ते" हेसुद्धा नाही, कारण त्यानेही वाचक सावध होऊन वाचू लागतो. ज्यांनी ते पुस्तक आधी वाचलंय त्यांनी फक्त विचारायचं. दोघांचं वाचून झालं असेल तर त्यांनी शेवटावर गॅलरीत जाऊन खुशाल बोलावं.

ऐकणाऱ्याने काय विचारावं

बैठक टिकते ती ऐकणाऱ्यांमुळे. "लेखकाला काय म्हणायचंय?" या प्रश्नाने माणूस शाळेत जाऊन बसतो. त्याऐवजी विचारा: "घर कसं आहे त्यांचं?" "तुला कुणाबरोबर जेवायला बसायला आवडेल?" "तो परिच्छेद पुन्हा वाचशील?" शेवटचा प्रश्न सगळ्यांत चांगला.

आणि "मी वाचलंय ते" एवढं म्हणून गप्प बसायचं नाही. वाचलं असेल तर तेव्हा तुमचं वय काय होतं आणि तुम्ही कुठे अडखळला होतात ते सांगा. विशीत वाचलेला 'कोसला' आणि पन्नाशीत पुन्हा हातात घेतलेला 'कोसला' यांवर आमच्याकडे एक अख्खी सकाळ गेली.

पुस्तक अडलं तर

अडतं. प्रत्येकाचं अडतं. अशा वेळी लोक बैठकीला यायचंच टाळतात आणि तिथून गळती सुरू होते. म्हणून पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की "मी गेल्या महिन्यापासून त्याच पानावर आहे" हेही बोलण्यासारखंच आहे. कुठे अडलंय ते पान सगळ्यांसमोर वाचा. बहुतेकदा तिथे लांबलेलं वर्णन असतं, किंवा नवी चार पात्रं एकदम आलेली असतात. कुणी तरी सांगतं, ही वीस पानं भरभर चाळ, घाट उतरलास की सपाटी आहे. इतकं सांगायला मुभा आहे, घटना मात्र सांगायची नाही.

दोन महिन्यांत पुस्तक हललंच नाही तर सोडून द्या. ग्रंथालयात परत करा, नाव वहीत लिहून ठेवा. माझी एक कादंबरी तिसऱ्या खेपेला वाचून झाली, मधे नऊ वर्षं गेली होती.

वर्षातून एक सगळ्यांनी मिळून

बाकीचे महिने प्रत्येकाचं आपापलं पुस्तक. पण पावसाळ्यात आम्ही एक मोठी कादंबरी एकत्र वाचतो, आणि ती हप्त्याहप्त्याने. ही पद्धत पुण्याला नवी नाही. हरिभाऊ आपट्यांनी 1890 मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक काढलं आणि यमूची गोष्ट, म्हणजे 'पण लक्षात कोण घेतो?', त्यात क्रमशः येत होती. पहिल्या वाचकांनी ती एका बैठकीत वाचलेलीच नाही. ते आठवडाभर थांबत होते. अप्पा बळवंत चौकाजवळच्या ज्या आनंदाश्रम संस्थेची व्यवस्था हरिभाऊ पाहत होते, तिच्यावरूनच आजही आपण पुस्तकं घ्यायला जातो. त्या वाचकांचं ते थांबणं आम्हाला पुन्हा अनुभवायचं होतं.

हिशेब सोपा ठेवा. रोज बारा पानं म्हणजे आठवड्याला चौऱ्याऐंशी. सहाशे पानांची कादंबरी सात आठवड्यांत जवळपास संपते. त्यात एक आठवडा आजारपण, पाहुणे, परीक्षा यांसाठी मोकळा सोडा आणि आठ-नऊ आठवडे धरा. टॉलस्टॉयच्या 'वॉर अँड पीस'ची 361 प्रकरणं आहेत, रोज एक वाचलं तर वर्ष पुरतं. आमच्यातले दोघं सध्या तेच करत आहेत. सकाळी दूध तापायला ठेवून एक प्रकरण.

एकत्र वाचताना सगळ्यांनी ठरलेल्या हप्त्यापाशी थांबायचं. भरभर वाचणाऱ्याला हे जड जातं. त्याला मागची पानं पुन्हा वाचायला सांगा, किंवा त्या हप्त्यातले न कळलेले जुने शब्द जमवायचं काम द्या. आमच्याकडे अशा शब्दांची वेगळी वही झाली आहे.

बैठकीचीही एक वही ठेवा. तारीख, कोण, कोणतं पुस्तक, कितवं पान, आणि त्याने विचारलेला प्रश्न. यापेक्षा जास्त काही लिहू नका, नाहीतर लिहिणाऱ्याचं ऐकणं राहून जातं. पुढच्या महिन्यात सुरुवातीला तो प्रश्न परत विचारायचा: "तुला उत्तर मिळालं का?" ज्याचं पुस्तक मधल्या काळात संपलं असेल त्याने त्याच वेळी, दोन वाक्यांत, संपल्याचं सांगायचं आणि ती प्रत ज्याने मागितली असेल त्याच्या हातात द्यायची.

पहिलं आमंत्रण

व्हॉट्सॲपवर चाळीस जणांना एकदम पाठवू नका. सहा जणांना फोन करा, आणि मग त्या सहांना हा मजकूर पाठवा. आम्ही अजूनही नव्या माणसाला हाच पाठवतो:

"रविवारी सकाळी नऊ वाजता आमच्याकडे या. सध्या वाचत असलेली जुनी कादंबरी बरोबर आणा. वाचून झालेली नसावी. दहा ओळींना खूण करून ठेवा, त्या तुम्हाला वाचायच्या आहेत. तयारी करून बोलू नका. चष्मा विसरू नका. अकराला सुट्टी."